हौसाचा धवला यंत्रात बसेना

क्षितिजाचं लग्न ठरलं ते साल २००७. क्षितिजा ही हौसाची थोरली नात. मुलगा भिवंडी शहरातला, घरची दोन गोदामं, माणसं बोलायला गोड. पण सुपारी फुटली त्याच दिवशी मुलाच्या बापानं हौसाच्या डोक्याला ताप लावून दिला. चहा पिता पिता सहज म्हणाला, "बाय, धवल्याची काळजी करू नका. आमच्या डीजेवाल्याकडं सीडी हाय. बटन दाबलं की झालं."

हौसाची बशी ओठाजवळ गेली होती ती तिथंच राहिली.

अंजूरच्या आसपास लग्न म्हटलं की हौसाला सांगावा जायचा. भटजी अक्षतांपुरता. त्याच्या आधीचं सगळं धवलारणीच्या तोंडून. धवला म्हणजे लग्नातलं गाणं खरं, पण ते नाचायचं गाणं नव्हे. देवांना आणि घरातल्या मेलेल्या माणसांना नावं घेऊन मांडवात बोलवायचं, आणि हळद, तेल, मांडव एकेक करून गाण्यावर पुढं न्यायचं. हौसानं अर्ध्या गावाची लग्नं अशी लावली होती. आणि आता तिच्याच नातीच्या मांडवात बाजारातली कोण कुठली बाई सीडीतून गाणार! तिनं कुणाच्या वाडवडिलांना आवतण दिलंय ते तिला ठाऊक आणि तिच्या देवाला.

"मी काय मेली काय?" हौसा म्हणाली.

"तसं न्हाय बाय. पण डीजेपुढं तुमचा आवाज पोचत न्हाय. दिपालीच्या लग्नात आम्ही आलो व्हतो ना, बघितलं."

हे वर्मी लागलं. दिपाली ही हौसाच्या दिराची मुलगी. आदल्या साली तिच्या हळदीला डीजेनं असा दणका उडवला होता की शेजारच्या घरातली भांडी फळीवरून खाली आली. मांडवाच्या कोपऱ्यात हौसा आणि तिची जोडीदारीण तुळजा घसा फोडून गात होत्या आणि समोर बसलेल्या नवरीलासुद्धा काही कळत नव्हतं. शेवटी तुळजा मधेच उठली. "कोन ऐकतंय गो? मी जेवाला जाते," म्हणाली आणि गेली. धवला अर्ध्यावर तुटला.

धवला तुटू द्यायचा नाही, हे हौसाला तिच्या सासूनं शिकवलं होतं. धवला तुटला तर संसार तुटतो. दिपालीचा संसार अगदी झकास चालला होता, तिला मुलगाही झाला होता. पण हौसा त्या दिवसापासून तुळजाशी बोलली नव्हती. विहिरीवर तुळजा दिसली की ती हंडा तसाच रिकामा घेऊन परत फिरायची.

तर सोयऱ्याचं बोलणं ऐकून हौसानं बशी खाली ठेवली. "सीडीच पायजे ना तुम्हाला? मग माझी सीडी लावा. हळदीच्या आधी देते."

"बघा बाय, आली तर तुमची लावू. न्हाय आली तर आमची हायच."

दिपालीचा भाऊ प्रितेश, म्हणजे हौसाचा पुतण्या, यानं घरामागच्या खोलीत स्टुडिओ थाटला होता. स्टुडिओ म्हणजे भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, दाराला गादी ठोकलेली, आत एक कॉम्प्युटर, एक छोटा मिक्सर आणि दोन माइक. हळदीची गाणी घ्यायची, खाली ढोल टाकायचा आणि सीडी करून विकायची, हा त्याचा धंदा. पलीकडच्या शेडमध्ये कापडाचे लूम चालायचे, त्यामुळे गाणं भरायचं ते शुक्रवारी. शुक्रवारी लूम बंद.

"काकी, तू फक्त गा. बाकी मी बघतो," प्रितेश म्हणाला.

पहिल्याच दिवशी त्यानं काय बघितलं ते हौसाला कळलं. तिनं गायलेल्या दोन ओळींखाली त्यानं ढोल टाकला होता आणि मधूनमधून एक बाप्या इंग्रजीत ओरडत होता. हौसा उठून उभी राहिली. "यो कोन? याला आवतण कोनी दिलं?"

"काकी, इफेक्ट हाय तो."

"काढ त्याला. आणि आजपासून मी हितं बसनार. तू काय करतस ते मना शिकव. तुझ्या भरवशावर मी देव बोलवनार न्हाय."

म्हणून हौसा शिकायला बसली. तिला शिकायची भीती नव्हती. पन्नाशी उलटल्यावर ती साक्षरतेच्या वर्गाला गेली होती, अंगठा सोडून सहीवर आली होती, आणि तेव्हापासून लिहिलेलं काही दिसलं की वाचल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. पण या यंत्रातलं सगळं इंग्रजी. वाचता येत होते ते नुसते आकडे. तिनं पडद्याचा खालचा कोपरा वाचला आणि पहिली तक्रार केली.

"प्रितेश, आज एक जानेवारी हाय काय?"

"न्हाय."

"मग हितं एक जानेवारी, दोन हजार दोन का म्हनून? तुझ्या यंत्राला साल कळत न्हाय."

"आतला सेल मेलाय काकी. लाईट गेली की तारीख मागं जाते."

"मग बदल."

"बदलतो."

लाईट रोज जायची. सेल काही बदलला गेला नाही. हौसा रोज सांगायची, तो रोज "बदलतो" म्हणायचा, आणि यंत्र रोज नव्यानं दोन हजार दोन सालापासून सुरुवात करायचं.

प्रितेशनं तिच्या कानावर हेडफोन चढवले. "आत टिक टिक येईल. तिच्याबरोबर गा."

हौसा गायली. टिकटिक एकीकडं, हौसा दुसरीकडं. धवला ओळीच्या शेवटी रेंगाळतो, तिथं तेल लावायचं असतं, कुणाची तरी वाट बघायची असते. टिकटिक कुणाची वाट बघत नाही.

"ही बया थांबत का न्हाय?"

"ती थांबनार न्हाय, तू तिला धर."

"तेल लावनारी मामी अजून साडी बदलते, मी पुढं कशी जाऊ?"

"काकी, हितं मामी न्हाय!"

"तेच तर म्हनते मी."

टिकटिक बंद झाली. मग लाल दिव्याचं प्रकरण निघालं. हौसा तोंड उघडायची आणि पडद्यावरची हिरवी पट्टी उड्या मारत लाल व्हायची.

"हळू गा. लाल झालं की आवाज फाटतो," प्रितेश सांगायचा. "कॅसेटमध्ये थोडं इकडंतिकडं चालायचं. यात वर छत हाय. आवाज छताला लागला की वरचं कापलं जातं, आणि कापलेलं परत जोडता येत न्हाय."

"मी मांडवात गाते रं, कानात न्हाय."

"माइक तुझ्या नाकाखाली हाय! मांडव न्हाय हा!"

चार शुक्रवार गेले. लाल गोल म्हणजे भर, काळा चौकोन म्हणजे थांब, कात्री म्हणजे काप, एवढं हौसाला जमलं. सेव्ह करायचं तिच्या हाताला असं बसलं की चहा प्यायच्या आधीही ती करून घ्यायची, कारण एकदा लाईट गेली आणि अख्खी दुपार वाया गेली होती. त्या दिवशी तिनं प्रितेशला द्यायची एकही शिवी बाकी ठेवली नाही.

पण खरी अडचण वेगळीच होती, आणि ती हौसाला पडद्यावर डोळ्यांनी दिसली. आवाज भरला की पडद्यावर त्याची नक्षी उमटायची, सुरवंटासारखी, कुठं जाड कुठं बारीक. आणि दर ओळीनंतर नक्षी संपून नुसती रेघ. तिथं हौसानं श्वास घेतला होता.

"हितं तुटला," हौसा म्हणाली. "हितंबी तुटला. हा बघ, हितंबी."

मांडवात तो कधी तुटायचा नाही. हौसाची ओळ संपत आली की तिचं शेपूट तुळजा उचलायची, हौसा तेवढ्यात श्वास घ्यायची आणि तुळजाचा दम संपायच्या आत पुढची ओळ धरायची. इतकी वर्षं दोघींनी मिळून एकच लांब श्वास घेतला होता.

"सोपं हाय," प्रितेश म्हणाला. "तुझ्याच आवाजाची कॉपी करू, खाली लावू. तूच पुढं, तूच मागं. तुळजामावशीची गरजच न्हाय."

हे शेवटचं वाक्य हौसाला साखरेसारखं लागलं. त्यानं कॉपी केली, खाली चिकटवली, वाजवली. आवाज चांगला जाड आला. आणि ओळ संपली तशी दोन्ही हौसा एकदमच गप्प झाल्या. फट होती तिथंच होती, उलट आता दुप्पट वाटत होती.

"ती नक्कल पन माझ्याबरोबरच श्वास घेते!" हौसा कडाडली. "काय उपयोग तिचा?"

प्रितेशनं नक्कल थोडी मागं सरकवली. आता फट भरली, पण बाकीच्या ओळीत दोन हौसा एकमेकींच्या अंगावर धावून जाऊ लागल्या. नळावर भांडण लागावं तसं. मग तो म्हणाला, पहिला आवाज कानात ऐक आणि त्याच्या मागून दुसरीचं गा, नव्यानं. हौसानं हेडफोन घातले. कानातली हौसा गायला लागली आणि बाहेरची हौसा तिच्याही पुढं निघून गेली. पुन्हा केलं. पुन्हा पुढं. दुसरीनं कुठं धरायचं, कुठं सोडायचं, हे तिनं कधी ऐकलंच नव्हतं. तुळजा मागं धरायची त्या वेळी ती श्वास घेत असायची.

दुपारभर हेच चाललं. शेवटी प्रितेशनं कपाळावर हात मारला. "काकी, तू सोताच्या मागं पन जात न्हायस! मी काय करू? माझी दोन गिऱ्हाईकं परत गेली. त्या सोयऱ्यांची सीडी लावू दे, मरू दे."

हौसानं दार ढकललं. चप्पल घातली आणि चालू लागली.

तुळजा अंगणात सुकट निवडत बसली होती. हौसा येताना दिसली तसं तिनं सूप मांडीवरून खाली ठेवलं नाही, उलट जरा आणखी जवळ ओढलं.

"रस्ता चुकलीस काय?" तुळजा म्हणाली.

"चुकली न्हाय. क्षितिजाचा धवला भरते मशीनमध्ये."

"आयकलंय. तूच पुढं, तूच मागं. गावभर हसतात."

"हसू दे. मागचं जमत न्हाय मना."

"काय म्हनलीस? वारा हाय, ऐकू न्हाय आलं."

"मागचं जमत न्हाय, म्हनलं!"

तुळजानं सुकटातला एक खडा काढून लांब फेकला. तिला पुरेपूर समाधान झालं होतं, पण तोंडावर तिनं ते येऊ दिलं नाही. "माझे भावजी ठान्याला दवाखान्यात हायत," ती म्हणाली. "दामूभावजी. दम लागतो त्यांना. जाऊ दिवसरात रडते. तिला सोडून कशी येऊ?"

"शुक्रवारी दुपारी ये. दोन घटकांचं काम हाय."

"मी मधेच उठून गेली तर?"

"गेलीस तर तुझं तंगडं मोडीन."

"येते," तुळजा म्हणाली.

तो शुक्रवार हनुमान जयंतीनंतरचा. लग्न पुढच्या आठवड्यावर आलेलं. तुळजा उशिरा आली. चहा नको म्हणाली, पाणी नको म्हणाली. प्रितेशनं दोन माइक लावले, मधे एक गादी उभी केली. हौसाचा आवाज डावीकडं भरणार, तुळजाचा उजवीकडं, म्हणजे नंतर दोन्ही वेगळे करता येतील.

हौसा गायली. तिची ओळ संपत आली तशी गादीपलीकडून तुळजानं शेपूट उचललं. सालभर न बोललेल्या दोघी, पण एक धागा सुटला नाही. फक्त तुळजा फार हळू गात होती, सपाट, जमिनीला धरून.

"मोठ्यानं गा की!" मधल्या विश्रांतीत हौसा खेकसली. "मेल्या घरात बसल्यावानी काय गातेस?"

"माझा आवाज एवढाच हाय आज," गादीपलीकडून उत्तर आलं.

मग तिचंही आपणच गायचं असल्यासारखी हौसा आणखीच सुटली. हिरव्या पट्टीकडं तिनं बघितलं नाही. प्रितेश समोरून दोन्ही हातांनी खाली, खाली असं करत होता, तिला वाटलं तो ताल धरतोय. सगळा धवला संपला तशी तुळजा उठली, पदर सावरला आणि चप्पल शोधत गेली. "बस जरा," म्हणायलाही वेळ मिळाला नाही.

संध्याकाळी ठाण्याहून गाडी आली. तुळजाच्या अंगणात रडण्याचा आवाज उठला आणि गावाला कळलं की दामू गेला.

दुसऱ्या दिवशी हौसा जाऊन आली. रडणाऱ्या बायकांत बसली, उठली. तुळजाला तेरा दिवसांचं सुतक. ती आता कुठल्याच मांडवात पाय ठेवू शकत नव्हती.

प्रितेश तोंड पाडून बसला होता. "काकी, तुझा आवाज गेला. सगळा फाटलाय. पहिल्या ओळीपासून लाल. ऐक." त्यानं डावीकडचं वाजवलं. पत्रा ओढत न्यावा तसा आवाज. मग उजवीकडचं वाजवलं. तुळजा स्वच्छ, एकसारखी, एकदाही लाल नाही. आणि मधल्या फटींत हौसा लांबून, गादीपलीकडून ओरडताना बारीक ऐकू येत होती.

"पुढचीचं गेलं आणि मागचीचं राहिलं," हौसा म्हणाली. "छान. चांगलं यंत्र आनलंयस."

"यंत्राचं काय चुकलं? मी शंभरदा सांगितलं..."

"गप्प. आता ही वाजव कानात. हिच्या आधी मी गाते. मना आधीच गायला येतं."

दोघं कामाला लागले, पण तेवढ्यात भाऊ आले. भाऊ म्हणजे गावच्या रीतिभातीचे मालक, नेमणूक कुणी केली नव्हती. कुणीतरी त्यांच्या कानी घातलं होतं.

"हौसा, सुतकातल्या बाईचा आवाज मांडवात लावनार म्हने तू?"

"सुतक लागायच्या आधी भरलाय."

"आधी म्हनजे कधी? दामू कधी गेला, ही कधी गायली, याचा हिशोब कोन देनार? उद्या पोरीचं काय वाईटवंगाळ झालं तर लोक माझ्याकडं येतील. आणि आवाजाला सुतक लागतं का न्हाय, हे बी बघायला पायजे."

"कुठं बघनार? पंचांगात आवाजाचं पान हाय काय?"

"उलटं बोलू नको. यंत्रात तारीख असते ना? दाखव."

प्रितेशनं फाईल काढली. भाऊंनी चष्मा लावला, पडद्याला नाक टेकवलं आणि आकडे जुळवत वाचले. "एक... जानेवारी... दोन हजार दोन." ते मागं सरकले. "अगो, हे तर पाच वर्षांमागचं हाय!"

प्रितेशनं तोंड उघडलं. हौसानं त्याच्या मांडीला असा चिमटा काढला की ते तसंच उघडं राहिलं.

"मग आधीच सांगायचं व्हतंस," भाऊ उठता उठता म्हणाले. "पाच वर्षांमागच्या गान्याला कसलं सुतक? माझा वेळ फुकट घेतलास."

ते गेल्यावर प्रितेश मांडी चोळत म्हणाला, "आता सेल बदलू?"

"लग्न होईपर्यंत हात लावलास तर बघ."

मग हौसानं ते केलं जे तिनं जन्मात केलं नव्हतं. ती तुळजासाठी थांबायला शिकली. कानात तुळजा गायची, आणि ती सोडते कुठं ते ऐकून हौसा पुढची ओळ धरायची. एकदा लवकर गेली, एकदा उशिरा. एकदा सगळं जमलं आणि लाईट गेली. शुक्रवारपर्यंत थांबायला वेळ नव्हता, लूमवाल्यांच्या जेवणाच्या सुट्टीत भरायचं; एकदा लूम परत चालू झाल्याचं दोघंही विसरले. प्रितेशनं मिक्सर विकायची भाषा केली, हौसानं तो विहिरीत टाकायची. पण पट्टी हिरवी राहिली. हळदीच्या आदल्या दिवशी सीडी निघाली. सोयऱ्यांकडं पाठवली.

हळदीला ती लागली. मोठ्या स्पीकरांतून धवला अंगणभर झाला, एकदाही तुटला नाही. क्षितिजा रडली. सोयऱ्यांकडची एक बाई हौसाजवळ सरकून म्हणाली, "मावशी, सीडी भारी हाय. कुठल्या दुकानात मिळाली?" हौसानं तिच्याकडं नुसतं बघितलं. पाठोपाठ डीजेनं आपलं सुरू केलं आणि हौसा कानात बोटं घालून जेवायला गेली.

तेरावा झाल्यावर ती तुळजाकडं सीडी घेऊन गेली. तुळजानं ती उन्हात धरून बघितली, तिच्यात तोंड दिसतं का ते पाहिलं.

"भाऊनं लावू दिली?"

"यंत्रानं त्याला दोन हजार दोन साल दाखवलं. बसला गप्प." हौसा हसली. "तसं आपन आधीच भरलं व्हतं. खोटं काय त्यात?"

तुळजा सीडी पदरानं पुसत राहिली. मग घराच्या दाराकडं बघून, आत जाऊ ऐकत नाही ना ते पाहून, हळू म्हणाली, "सकाळीच दवाखान्यातून फोन आला व्हता गो. पोरानं मना एकटीलाच सांगितलं. गाडी येईपर्यंत जावेला कळू द्यायचं नव्हतं. ती सारखी विचारत व्हती, त्यांना बरं हाय काय, आणि मी बरं हाय म्हनत व्हती. तोंड कुठं नेऊ? म्हनून तुझ्याकडं आली."

हौसा उठून उभी राहिली. मग परत बसली. "आणि मी तुला मेल्या घरातली म्हनली," ती म्हणाली. "सांगायचं न्हाय? तेवढं पन सांगायचं न्हाय? कमाल बाई हायस तू!"

"सांगितलं असतं तर गाऊ दिलं असतंस?"

"न्हाय."

"मग?"

हौसा बाजूचं सूप ओढून सुकट निवडायला लागली. भाऊंना, सोयऱ्यांना, क्षितिजाला तिनं कधी काही सांगितलं नाही. प्रितेशनं पुढं सेल बदलला, पण त्या फाईलवरची तारीख तशीच राहिली. ती चूक आहे. तुळजाचा थोरला दीर दामू वारला तो २००७ सालच्या चैत्रात, हनुमान जयंतीनंतरच्या शुक्रवारी, सकाळी. आणि तुळजा गायला बसली ती त्याच दिवशी दुपारी.